विद्यापीठ विस्ताराच्या आरक्षणात अडकलेली जमीन : कलम १२७ ची नोटीस कोणाला देता येते, कागद कोणते आणि गाडं कुठे अडतं

लालबाग-परळपासून डोंबिवलीपर्यंत मुंबईतल्या कित्येक मराठी घरांची कोल्हापूर, सोलापूर, नांदेड, जळगाव अशा एखाद्या शहराच्या वेशीवर वडिलोपार्जित जमीन असते. शहर वाढत वाढत त्या जमिनीपर्यंत येतं. विकास आराखडा निघतो आणि आपल्या गटावर रंग चढतो : ‘विद्यापीठ विस्तार’, ‘शैक्षणिक संकुल’, कधी नुसतं ‘वसतिगृह’. त्यानंतर वर्षं जातात. विद्यापीठ जमीन ताब्यात घेत नाही, मोबदल्याचं कोणी बोलत नाही आणि बांधकाम परवानगी मागायला गेलं की आरक्षणावर बोट ठेवून परत पाठवतात.

यावर कायद्यात वाट आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६, ज्याला सगळे एमआरटीपी म्हणतात, त्याचं कलम १२७. अंतिम आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन समझोत्याने घेतली नाही, किंवा संपादनाची घोषणा राजपत्रात आली नाही, तर मालकाने नोटीस द्यायची. नोटीस पोचल्यापासून २४ महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्यासाठी कायद्याला अभिप्रेत पावलं पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं. म्हणजे संपतं, आणि शेजारच्या जमिनीला जो वापर चालतो तो तुमच्याही जमिनीला मोकळा होतो. आधी ही मुदत सहा महिने होती, पुढे बारा झाली आणि २०१५ च्या दुरुस्तीने चोवीस. जुनी पुस्तिका किंवा जुना वकिली मसुदा हाताशी धरून ‘सहा महिने झाले, आता आरक्षण उठलं’ म्हणत येणारे अजूनही भेटतात.

नोटिशीला ठरावीक छापील नमुना नाही. पान-दीड पानात ती होते. गट क्रमांक, आरक्षणाचा क्रमांक, आरक्षित क्षेत्र, आराखडा अंमलात आल्याची तारीख, आणि ‘कलम १२७ (१) नुसार ही नोटीस देत आहे’ हे एक स्पष्ट वाक्य. हे कोणीही लिहून देईल. नोटीस फसते ती पुढच्या चार ठिकाणी.

दहा वर्षं कुठून मोजायची

आराखड्याला तारखा पुष्कळ असतात. प्रारूप प्रसिद्ध झाला ती, सूचना-हरकतींची मुदत संपली ती, शासनाने मंजुरी दिली ती, आणि आराखडा अंमलात आला ती. दहा वर्षं फक्त शेवटच्या तारखेपासून धरायची. मंजुरीच्या अधिसूचनेतच ‘अमुक तारखेपासून अंमलात येईल’ असं लिहिलेलं असतं, तेवढी ओळ शोधा. दहा वर्षं भरायच्या आठ दिवस आधी दिलेली नोटीसही वेळेआधीची म्हणून फेकली जाते. वर कोणी ती लगेच परत पाठवत नाही. दोन वर्षं तुम्ही वाट बघता आणि मग कळतं.

दुसरी मेख वगळलेल्या भागाची. शासन आराखडा मंजूर करताना काही भाग मागे ठेवतं, ज्याला कार्यालयात सर्रास ‘ईपी’ म्हणतात, आणि तो नंतर मंजूर करतं. तुमचा गट त्यात असेल तर तुमचं घड्याळ शहराच्या घड्याळापेक्षा उशिरा सुरू झालंय. मुंबईचंच बघा. २०३४ चा आराखडा १ सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला आणि वगळलेले भाग त्यानंतर. त्या आराखड्याने नव्याने टाकलेल्या आरक्षणावर आज नोटीस देऊन उपयोग नाही, सप्टेंबर २०२८ उजाडावा लागेल.

तिसरी गोष्ट सगळ्यांत जास्त छळते : सुधारित आराखडा. दहा वर्षं होऊन गेली, तुम्ही नोटीस दिली नाही, दरम्यान नवा आराखडा आला आणि तेच आरक्षण पुन्हा दाखवलं. मग प्राधिकरण म्हणतं, आता दहा वर्षं नव्याने. या विषयावरचा गाजलेला निकाल विद्यापीठाच्याच जमिनीवरचा आहे. गुजरातमधल्या भावनगर शहरात भावनगर विद्यापीठासाठी जमीन आरक्षित होती आणि आराखडा सुधारताना आरक्षण कायम ठेवलं होतं. भावनगर विद्यापीठ विरुद्ध पालिताणा शुगर मिल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये सांगितलं की आराखडा सुधारला म्हणून मालकाचा हक्क लांबणीवर टाकता येत नाही. तिथला कायदा गुजरातचा, कलम २०; पण धाटणी आपल्या १२७ सारखीच, आणि आपल्याकडच्या खटल्यांत तो निकाल हमखास पुढे येतो. तरीही माझं सांगणं एवढंच की निकालाच्या भरवशावर राहू नका. दहा वर्षं भरली की सुधारित आराखडा यायच्या आत नोटीस बजावून मोकळे व्हा. भावनगरच्या मालकांनी नोटीस दिली होती, हे विसरता कामा नये.

नोटीस कोणाच्या नावाने

लोक डोळे झाकून ‘मा. आयुक्त, महानगरपालिका’ लिहितात. कलमात मात्र नियोजन प्राधिकरण, विकास प्राधिकरण किंवा ‘समुचित प्राधिकरण’ असे शब्द आहेत. ज्याच्यासाठी जमीन राखली आणि ज्याने ती संपादन करायची, ते समुचित प्राधिकरण. आराखड्याच्या अहवालात प्रत्येक आरक्षणासमोर त्याचं नाव दिलेलं असतं. विद्यापीठाच्या आरक्षणात तिथे बहुधा विद्यापीठ असतं, कधी शासनाचा विभाग. अशा वेळी महापालिका हात वर करते : आमचं आरक्षणच नाही, आम्ही का संपादन करू? आणि विद्यापीठ म्हणतं, आम्हाला नोटीस आलीच नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि तुमची दोन वर्षं पाण्यात.

म्हणून अहवालातलं ते पान आधी माहिती अधिकारात किंवा नगररचना कार्यालयातून प्रमाणित प्रत म्हणून घ्या. मग नोटीस दोन्हीकडे बजावा : विद्यापीठाच्या कुलसचिवांना आणि महापालिका आयुक्तांना किंवा नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांना. जमीन हद्दीबाहेर, प्रादेशिक योजनेत असेल तर तिथलं नियोजन प्राधिकरण कोण ते आधी विचारा. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का स्वच्छ उमटलेला हवा. चोवीस महिने त्या शिक्क्यापासून मोजले जातात. खिडकीवरचा माणूस ‘साहेब आले की घेतो’ म्हणाला तर पोस्टाने पोचपावतीसह पाठवा, पण आवक शिक्क्याचा नाद सोडू नका.

अजून एक गफलत. कलम ४९ मध्येही खरेदी सूचना आहे. ती परवानगी नाकारली गेल्यामुळे किंवा आरक्षणामुळे जमीन उपयोगाची उरली नाही म्हणून द्यायची असते, आणि ती राज्य शासनाकडे जाते. तिथले टप्पे आणि मुदती वेगळ्या. एका नोटिशीत दोन्ही कलमं घालून ‘काहीतरी लागू पडेल’ असं करू नका; समोरच्याला गोंधळ घालायला तेवढं पुरतं.

कागद : आजोबा अजून सातबाऱ्यावर

खरी अडचण इथे आहे. पूर्वी नोटिशीसोबत कागद जोडण्याची सक्ती कलमात नव्हती. आता मालकी किंवा हितसंबंध दाखवणारी कागदपत्रं नोटिशीसोबतच हवीत. एखादा कागद राहिला तर ‘ही नोटीस वैध नाही, मुदत सुरूच झाली नाही’ असं म्हणायला प्राधिकरण मोकळं. आणि हे पत्र तुम्हाला बाविसाव्या-तेविसाव्या महिन्यात मिळतं. हा योगायोग मी इतक्या वेळा पाहिलाय की आता त्याला योगायोग म्हणवत नाही.

सातबारा समोर घेऊन बसा. मालकाच्या रकान्यात पहिलं नाव आजोबांचं, पुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचे मॅनेजर. ते जाऊन पंचवीस वर्षं झाली. खाली दोन काकांची नावं, त्यातलं एक कंसात, म्हणजे फेरफाराने कमी झालेलं. आत्यांची नावं कुठेच नाहीत. ‘इतर हक्क’ बघा : सोसायटीचा बोजा, कधीच फिटलेला पण उतरवलेला नाही. त्याखाली एका कुळाचं नाव, ज्याला घरात आता कोणी ओळखत नाही. हा कागद जोडून ‘मी मालक’ म्हणणं म्हणजे समोरच्याच्या हाती आयतं कोलीत देणं.

कायद्याप्रमाणे ‘मालक किंवा जमिनीत हितसंबंध असलेली कोणतीही व्यक्ती’ नोटीस देऊ शकते. म्हणजे एकटा सहहिस्सेदारही चालतो. पण त्याचा हितसंबंध कागदावर दिसला पाहिजे. त्यामुळे आधी वारस नोंद. मृत्यूचा दाखला, वारसांचं शपथपत्र, अर्ज तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीवर. फेरफार पडतो, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. २०२५ मध्ये शासनाने मृत खातेदारांच्या जागी वारस लावायला ‘जिवंत सातबारा’ मोहीम राज्यभर घेतली, ती याच रोगावर. त्यात तुमची नोंद झाली असं गावाकडून कोणी फोनवर सांगितलं तरी डिजिटल सहीचा सातबारा काढून स्वतःच्या डोळ्यांनी बघा. बहिणींची, आत्यांची नावं वगळून ‘पटकन’ नोंद करून घेण्याचा मोह टाळा. मुलींचा हक्क आहेच. आणि वगळलेली आत्या पनवेलहून हरकत घेऊन आली की सगळंच ठप्प होतं. आणि त्यात तिचं चुकतही नाही.

सातबाऱ्यासोबत सगळे संबंधित फेरफार, आणि जिथे नगर भूमापन झालंय तिथे मिळकत पत्रिका. दोन्हीकडचं क्षेत्र जुळत नाही असं सर्रास दिसतं. न जुळणारे दोन कागद जोडण्याआधी भूमी अभिलेख कार्यालयात जा. झोन दाखला आणि आराखड्याचा भाग नकाशा नगररचना विभागातून मिळतो, त्यात फार अडत नाही.

अडतं ते मोजणीत. समजा तुमचा गट एक हेक्टर दहा आर आणि आरक्षणात त्यातले चाळीसच आर. नोटीस अख्ख्या गटाची दिली तर आरक्षण नक्की कशावरचं उठवायचं, हा वाद आयता उभा राहतो. आरक्षणाची हद्द दाखवणारी मोजणी करून मोजणी नकाशाची ‘क’ प्रत जोडा. वेळ लागतो म्हणून दहा वर्षं भरायच्या आधीच अर्ज टाका. जमीन भोगवटादार वर्ग २ असेल, म्हणजे इनाम-वतनाची किंवा शासनाने दिलेली, तर आरक्षण उठलं तरी विक्रीला किंवा वापर बदलायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागणारच. हे आधीच मनात धरा.

मुंबईत बसून हे सगळं जमणार नाही म्हणून कोणालातरी कुलमुखत्यारपत्र द्यावं लागतं. द्या, पण नोंदणीकृत द्या आणि त्यात फक्त नोटीस, पत्रव्यवहार, कागद मिळवणं एवढेच अधिकार लिहा. आरक्षणातल्या जमिनी पडेल भावात उचलणारे लोक प्रत्येक शहरात आहेत. ते ‘तुमचं काम करून देतो’ म्हणत येतात आणि त्यांच्या मसुद्यात विक्रीचा अधिकार सातव्या-आठव्या कलमात गुपचूप बसलेला असतो.

चोवीस महिन्यांत आणि त्यानंतर

या काळात तीनपैकी काहीतरी समोर येईल. मोबदला देऊन संपादन, किंवा त्याऐवजी टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात मिळणारे आणि विकता येणारे बांधकामाचे हक्क, किंवा नुसती पत्रं. टीडीआर घेण्याची घाई करू नका. मुंबईत त्याला बाजार आहे, मध्यम शहरात गिऱ्हाईक मिळेलच असं नाही. तिथल्या दोन बांधकाम व्यावसायिकांशी बोलून मगच होकार द्या.

पत्रांना मात्र भुलायचं नाही. ‘प्रस्ताव तयार आहे’, ‘व्यवस्थापन परिषदेत विषय ठेवला’, ‘जिल्हाधिकाऱ्यांना कळवलं’ याला कायदा संपादनाचं पाऊल मानत नाही. गिरनार ट्रेडर्स विरुद्ध महाराष्ट्र शासन या २००७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की शासनाकडून संपादनाच्या घोषणेपर्यंत जाणारी खरी हालचाल हवी. तरीही आलेल्या प्रत्येक पत्राला लेखी उत्तर द्या. कागद मागितला तर तो पुन्हा द्या, पण उत्तरात ‘हे कागद अमुक तारखेच्या नोटिशीसोबत दिलेलेच आहेत’ ही ओळ असू द्या. नवी नोटीस देऊ नका. अधिकारी गोड बोलून सुचवतात, ‘एक ताजी नोटीस देऊन टाका ना’. त्यातून तुमची पहिली नोटीस सदोष होती असं तुम्हीच मान्य केल्यासारखं होतं, आणि घड्याळ पुन्हा शून्यावर.

मुदत संपली म्हणजे सातबारा आपोआप मोकळा होत नाही. आरक्षण व्यपगत झाल्याचा आदेश शासनाने राजपत्रात प्रसिद्ध करायचा असतो, कलम १२७ (२). त्यासाठी नगरविकास विभागाकडे मंत्रालयात अर्ज करा. मुंबईत राहण्याचा एवढा एक फायदा. सोबत नोटिशीची शिक्क्याची प्रत, सगळा पत्रव्यवहार आणि समुचित प्राधिकरण दाखवणारं ते अहवालाचं पान. आदेश निघेपर्यंत बांधकाम परवानगीचा अर्ज टाकलात तर तो अडवला जाईल, हे गृहीत धरा.

आदेश निघत नसेल तर उच्च न्यायालयात रिट याचिका. इथेही मुंबईकरांची एक समजूत चुकते. आपण राहतो मुंबईत म्हणून फोर्टातल्या कोर्टात जाऊ असं वाटतं, पण जमीन कुठे आहे ते बघितलं जातं. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं तिथे जातात. नांदेड-जळगावकडच्यांना औरंगाबाद खंडपीठ. वकील ठरवताना हे आधी विचारा, म्हणजे मुंबईत फी भरून पुन्हा कोल्हापुरात दुसरा वकील शोधायची वेळ येणार नाही.