तुम्हाला येणारा वास मला का येत नाही?

गुलाबी व्हर्बिनाची फुलं अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट ब्लेकस्ली यांना सुवासिक वाटत. त्यांच्या सहाय्यकाला मात्र त्या फुलांना वासच नाही असं वाटे. त्याला वास येई तो लाल व्हर्बिनाचा. ‘आवड आपापली’ म्हणून हा वाद मिटवता आला असता. ब्लेकस्ली यांनी इतरांनाही फुलं हुंगायला दिली आणि १९१८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हा फरक नोंदवला. मला या नोंदीचं फार मोल वाटतं. तिने कोणाचंच नाक खोटं ठरवलं नाही.

कारण कळायला मात्र बराच काळ गेला. १९६०च्या दशकात गंधसंशोधक जॉन अमूर यांनी बाकी सगळे वास नीट येणारी, पण एखाद्याच वासाला मुकलेली माणसं अभ्यासली. काहींना आयसोव्हॅलेरिक आम्लाचा, घामट मोज्यांसारखा वास जवळजवळ येतच नसे. रंगांधळेपणासारखाच हा प्रकार असावा, त्या वासाचा ग्राही, म्हणजे वासाचा रेणू टिपणारं प्रथिन, यांच्या नाकात नसावा, असा अमूर यांचा तर्क होता.

ते ग्राही हाती लागले १९९१ मध्ये. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सल या शास्त्रज्ञांना उंदराच्या नाकाच्या अस्तरात गंधग्राही प्रथिनांच्या जनुकांचं प्रचंड मोठं कुटुंब सापडलं. २००४ चं नोबेल त्यासाठीच. माणसात अशी सुमारे ४०० जनुकं चालू आहेत, त्याहून अधिक मोडून निकामी झालेली. एक गंधपेशी सहसा एकच ग्राही बाळगते. वासाचा एक रेणू मात्र अनेक ग्राहींना कमीअधिक जागं करतो आणि त्या जुळणीवरून मेंदू वास ओळखतो.

अँड्रोस्टेनोन हा रेणू कोणाला लघवीसारखा उग्र लागतो, कोणाला गोडसर, कोणाला काहीच नाही. २००७ मध्ये याचा एक मोठा धागा ‘ओआर७डी४’ या ग्राहीत सापडला. प्रथिनाच्या साखळीत ८८ व्या आणि १३३ व्या जागी अमिनो आम्ल बदललं, की ग्राही मंदावतो आणि वास सौम्य होतो किंवा हरवतो. अर्थात सगळं जनुकांवरच ठरत नाही: हा वास न येणाऱ्या काहींना तो वारंवार हुंगल्यावर येऊ लागल्याचं १९८९ मध्येच दिसलं होतं.

व्हायोलेट फुलांच्या सुगंधातल्या बीटा-आयोनोनचं प्रकरण त्याहून सरळ निघालं. ‘ओआर५ए१’ या ग्राहीच्या जनुकातलं डीएनएचं एकच अक्षर वेगळं असेल, तर एकाला फूल दरवळतं आणि शेजारच्याला त्या रेणूचा मागमूसही लागत नाही.