गोदावरीतले शिंपले अभ्यासासाठी परदेशी पाठवायचे आहेत? परवानगी कशी घ्यायची

गोदावरी, पूर्णा, मांजरा या नद्यांच्या गाळात राहणारे शिंपले पाणी गाळून स्वच्छ ठेवतात, आणि वाळूउपशात गाळासकट उपसले जातात. त्यांच्या जनुकीय तपासणीसाठी, पैदाशीचे तंत्र शिकण्यासाठी मराठवाड्यातल्या महाविद्यालयांनी परदेशी संस्थांशी जरूर हात मिळवावा. मात्र चार शिंपले अल्कोहोलमध्ये घालून कुरियर करणे बेकायदा आहे. रिकामी शिंपलीसुद्धा चालत नाही. जैविक विविधता कायदा, २००२ प्रमाणे आधी मंजुरी लागते. २०२३ च्या दुरुस्तीने तुरुंगवास गेला, पण दंड १ लाखापासून ५० लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो.

भारतीय प्राध्यापक इथल्याच प्रयोगशाळेत अभ्यास करत असतील तर या कायद्याची मंजुरी लागत नाही. परदेशी नागरिक, अनिवासी भारतीय किंवा परदेशी संस्था नमुने घेणार असेल, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे ऑनलाइन अर्ज करावा लागतो. दोन्हीकडे संस्था असतील तर कलम ५ चा मार्ग बरा: प्रकल्प केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत बसणारा आणि केंद्र सरकारने मंजूर केलेला असला, की प्राधिकरणाची वेगळी मंजुरी लागत नाही.

अर्जासोबत संस्थेची नोंदणी, दोन्ही संस्थांमधला करार, प्रकल्प आराखडा आणि जबाबदार संशोधकाचा तपशील तयार ठेवा. काय, किती, कुठून, कधी घेणार हे नेमके लिहा. ‘गोदावरीतील मृदुकाय प्राणी’ असे मोघम लिहू नका. जातीचे शास्त्रीय नाव (उदा. ‘लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस’), नगसंख्या, गाव, तालुका, महिना असे लिहा. इथे एक गोष्ट हमखास सुटते. या शिंपल्यांची पिल्ले सुरुवातीला माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात. कल्ल्यांचे नमुनेही हवे असतील तर त्या माशांची नावे यादीत घाला, नाहीतर मंजुरी फक्त शिंपल्यांची मिळेल.

अर्ज भरण्याआधी गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला भेटा. निर्णय घेताना प्राधिकरणाने समितीशी सल्लामसलत करावी, असे कायद्याच्या कलम ४१ मध्येच आहे. लोक जैवविविधता नोंदवहीत, म्हणजे गावातल्या सजीवांच्या नोंदवहीत, शिंपल्यांची नोंद आहे का तेही पाहा. शिंपले कुठे सापडतात हे तिथल्या भोई मंडळींइतके कोणाला ठाऊक नसते. प्रकल्पात त्यांना मानधन आणि श्रेय दोन्ही मिळायला हवे.

नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात, काम करायचे तर आणखी एक पायरी आहे. जायकवाडी हे पक्षी अभयारण्य आहे. तिथे अभ्यासासाठी प्रवेशाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि नुसत्या प्रवेशाच्या परवान्यावर शिंपले उचलता येत नाहीत. पहिला प्रकल्प असेल तर अभयारण्याबाहेरचे पात्र निवडा.

एखादी नवी जाती सापडलीच, तर जैविक विविधता कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे ती अधिकृत भांडाराला (नमुने जतन करणाऱ्या संस्थेला) कळवून नमुना तिथे जमा करणे बंधनकारक आहे. प्राण्यांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था हे असे भांडार आहे. नमुना फक्त परदेशी संग्रहालयात ठेवून भागत नाही. करारात ही अट पहिल्याच मसुद्यात घाला.