‘आणखी गेम्स’चं बटण आणि हाउस ॲड: दोन्हींत गल्लत का होते?

समजा, एका छोट्या डेव्हलपरचे तीन गेम्स आहेत: लुडो, कॅरम आणि मराठी शब्दकोडं. लुडो जोरात चालतो; बाकीचे दोन कुणाला ठाऊकच नाहीत. लुडोच्या खेळाडूंना त्यांची ओळख करून द्यायची, तर दोन उपाय सहज सुचतात. मेन्यूत ‘आणखी गेम्स’ असं बटण द्यायचं, किंवा जाहिरातीच्या जागेत आपल्याच कॅरमची जाहिरात, म्हणजे ‘हाउस ॲड’, लावायची. दोन्हींना ‘क्रॉस प्रमोशन’ म्हणतात आणि घोळ तिथेच सुरू होतो. बटणाकडून जाहिरातीएवढ्या इन्स्टॉल्सची अपेक्षा ठेवली जाते आणि हाउस ॲड मात्र फुकटची समजून कुठेही टाकली जाते.

बटण खेळाडू स्वतः दाबतो. त्याला तुमचा गेम आवडलेला असतो, अजून काय आहे ते पाहायचं असतं. दाबणारे थोडे असतात, पण त्यांतले बरेच जण पुढे इन्स्टॉल करतात. हाउस ॲड दिसते ती काहीही न शोधणाऱ्याला, बॅनरमध्ये किंवा लेव्हल संपल्यावर पूर्ण स्क्रीनभर. ती पुष्कळांपर्यंत पोचते, दाबणारे शेकड्यात एखाद-दोन, आणि खेळ मध्येच थांबतो.

आधी बटण. ॲन्ड्रॉइडवर ते बहुतेक जण प्ले स्टोअरवरच्या डेव्हलपर पानाला जोडतात. त्यासाठी दोन प्रकारच्या लिंक वापरात दिसतात: डेव्हलपरच्या लांबलचक अंकी आयडीची आणि प्रकाशकाच्या नावाने शोध घेणारी. अंकी आयडीचीच वापरा. नावाची लिंक नाव बदललं की तुटते आणि नावातल्या मोकळ्या जागा नीट एन्कोड केल्या (लिंकमध्ये चालणाऱ्या चिन्हांत बदलल्या) नाहीत तर भलतेच निकाल दाखवते. लिंक उघडताना इंटेंटमध्ये (ॲन्ड्रॉइडला ‘हे उघड’ सांगणाऱ्या विनंतीत) प्ले स्टोअरचं पॅकेज नाव, म्हणजे ॲपची तांत्रिक ओळख, दिलं की ‘कशात उघडू?’ ही यादी मध्ये येत नाही. मात्र ज्या फोनवर प्ले स्टोअर नाही, तिथे हीच ओळ गेम बंद पाडते. म्हणून ही चूक (एक्सेप्शन) कोडमध्ये पकडून ब्राउझरचा पत्ता उघडण्याची सोय हवीच.

डेव्हलपर पान सजवायला प्ले कन्सोलमध्ये (डेव्हलपर आपली ॲप्स सांभाळतात त्या गूगलच्या साइटवर) ५१२ × ५१२ चा आयकॉन, ४०९६ × २३०४ चं शीर्षचित्र आणि १४० अक्षरांचा मजकूर लागतो. एक गेम ठळक दाखवायलाही निवडता येतो. हे केलं तरी एक अडचण राहते. तुमचा एखादा जुना, दुर्लक्षित टॉर्च ॲपही त्याच पानावर दिसू शकतो. त्यामुळे थेट डेव्हलपर पानावर नेण्यापेक्षा गेममध्येच तीन-चार नावांची छोटी यादी करावी, असं आमचं ठाम मत आहे. प्रत्येक ओळीत आयकॉन, नाव आणि ‘चार जणांचा कॅरम, इंटरनेटशिवाय’ असं एक वाक्य. ही यादी सर्व्हरवरच्या छोट्या जेसन फाइलमधून (माहितीच्या साध्या मजकूर-फाइलमधून) घेतली, की नाव बदलायला गेमचं अपडेट काढावं लागत नाही. फाइल आली नाही तर गेमसोबत बांधलेली जुनी यादी दाखवा. रिकामी स्क्रीन नको.

यादीचा आणखी एक फायदा मोजणीत दिसतो. एकेका गेमच्या पानाच्या लिंकला रेफरर (खेळाडू कुठून आला हे सांगणारी खूण) जोडता येतो आणि ‘लुडोच्या मेन्यूतून आला’ की ‘लुडोच्या जाहिरातीतून आला’ हे नव्या गेमला कळतं. इथली नेहमीची चूक म्हणजे रेफररमधलं अँपरसँड (&) एन्कोड न करणं. मग त्याच्या पुढचा भाग गळून पडतो आणि अहवालात स्रोत दिसतो, मोहीम दिसत नाही. नव्या गेमने ही माहिती पहिल्यांदा उघडल्यावर एकदाच वाचून साठवून ठेवावी. इन्स्टॉलनंतर ती ९० दिवसच मिळते.

आयफोनवर खेळाडूला गेमबाहेर न काढता ॲप स्टोअरचं पान आतच उघडता येतं, आणि आयओएस १४ पासून स्क्रीनच्या तळाशी छोटी पट्टीही दाखवता येते. पण यादीत ‘प्ले स्टोअरवरही उपलब्ध’ असं लिहिलेलं राहिलं तर ॲपलच्या तपासणीत गेम नाकारला जाऊ शकतो. दुसऱ्या प्लॅटफॉर्मचं नाव त्यांना ॲपमध्ये चालत नाही.

आता हाउस ॲड. गूगलच्या ॲडमॉबसारखं जाहिरात नेटवर्क तुमच्याच ॲपच्या जाहिरातीसाठी तुमच्याकडून पैसे घेत नाही, म्हणून ती फुकट वाटते. पण त्या जागेवर पैसे देणारी जाहिरात लागू शकली असती. हिशेब मांडून पाहा. समजा, तुमच्या इंटरस्टिशियलला (पूर्ण स्क्रीनच्या जाहिरातीला) हजार वेळा दिसण्याचे ८० रुपये मिळतात. त्याच हजार वेळा कॅरमची जाहिरात दाखवली, १० जणांनी दाबली, ३ जणांनी इन्स्टॉल केलं. म्हणजे एक इन्स्टॉल साधारण २७ रुपयांना पडलं. कॅरमचा एक खेळाडू आयुष्यभरात १५ रुपये मिळवून देत असेल, तर प्रत्येक इन्स्टॉलमागे १२ रुपये गेले. हीच जाहिरात, जिथे पैसे देणारा कुणी मिळत नाही अशा रिकाम्या जागी लावली, तर खर्च जवळजवळ शून्य. म्हणून तिची नेहमीची जागा शेवटची. नवा गेम आला की दहा-पंधरा दिवस तिला थोडा पक्का वाटा द्यावा, मग परत मागे घ्यावी.

सगळ्यात चिडवणारी गोष्ट म्हणजे कॅरम आधीच फोनवर असलेल्याला कॅरमची जाहिरात दिसणं. ॲन्ड्रॉइड ११ पासून दुसरं ॲप फोनवर आहे का, हे पाहायला मॅनिफेस्टमधल्या (ॲपची माहिती ॲन्ड्रॉइडला देणाऱ्या फाइलमधल्या) ‘क्वेरीज’ भागात त्याचं पॅकेज नाव आधी लिहावं लागतं. ते लिहिलं नाही, तर ॲप असूनही ‘सापडलं नाही’ असंच उत्तर येतं आणि जाहिरात दिसत राहते. इथे लोक घाईने सगळी ॲप्स पाहण्याची परवानगी मागतात; गूगलने ती मोजक्या कामांपुरतीच ठेवली आहे, या कामाला मिळत नाही. स्वतःची तीन-चार नावं लिहा, काम होतं. आयफोनवर हेच काम यूआरएल स्कीमने (ॲप उघडणाऱ्या खास पत्त्याने) करतात. त्या स्कीम आधी ॲपच्या इन्फो फाइलमध्ये नोंदवाव्या लागतात.

नियमांतही दोन्ही वेगळी आहेत. प्ले कन्सोलमध्ये ‘ॲपमध्ये जाहिराती आहेत का’ या प्रश्नाला, बॅनर किंवा पूर्ण स्क्रीनची हाउस ॲड असेल तर उत्तर ‘हो’ असंच द्यावं लागतं, भले ती तुमच्याच गेमची असो. मेन्यूतली शांत यादी त्यात मोडत नाही. पूर्ण स्क्रीनच्या जाहिराती लेव्हल सुरू होताना अचानक येऊ नयेत आणि १५ सेकंदांनंतरही बंद करता येत नाहीत अशा नसाव्यात, हा गूगलचा नियम सप्टेंबर २०२२ च्या अखेरीस लागू झाला. आपलीच जाहिरात म्हणून सूट मिळेल, असं धरून चालू नका. ‘कॅरम इन्स्टॉल करा, ५०० नाणी मिळवा’ हे तर बटणातही नको, जाहिरातीतही नको. आमिषाने इन्स्टॉलचा आकडा फुगवणं प्ले स्टोअरच्या धोरणाविरुद्ध आहे, आणि नाण्यांसाठी आलेला खेळाडू नाणी मिळाली की कॅरम काढून टाकतो.

मोजमाप करताना बटणासाठी रोजच्या खेळाडूंपैकी किती जणांनी दाबलं आणि किती जणांनी इन्स्टॉल केलं, एवढं पुरतं. हाउस ॲडसाठी जुन्या गेमकडेही पाहावं लागतं. दहा टक्के खेळाडूंना ती अजिबात दाखवू नका; गूगलच्या फायरबेसमधल्या रिमोट कॉन्फिगने (अपडेट न काढता गेमची सेटिंग्ज बदलण्याच्या सोयीने) हे सहज जमतं. सातव्या दिवशी लुडोवर परतणाऱ्यांचं प्रमाण दोन्ही गटांत ताडून पाहा. जाहिरात पाहिलेल्या गटात ते खाली आलं असेल, तर खेळाडू लुडो सोडून कॅरमकडे गेले किंवा जाहिरातीला कंटाळून निघून गेले. नव्या इन्स्टॉलच्या आकड्यात हे दिसत नाही.

आणि ‘जाहिराती काढा’साठी पैसे मोजलेला खेळाडू. त्याला हाउस ॲड दिसता कामा नये. त्याच्या लेखी ती जाहिरातच आहे आणि एक तारा देऊन तो ते सांगतो. हे बहुधा नकळत घडतं: खरेदी झाली का, ही तपासणी नेटवर्कची जाहिरात मागवणाऱ्या फंक्शनमध्ये असते, आणि स्वतःच्या सर्व्हरवरून येणारी हाउस ॲड त्या फंक्शनमधून जातच नाही. तपासणी दोन्ही ठिकाणी लावा. बटण मात्र त्याच्यासाठी ठेवा, नव्या गेमच्या वेळी त्यावर लाल ठिपका द्या, आणि एकदा दाबल्यावर तो ठिपका पुन्हा दिसू देऊ नका.