दाराच्या पोटातला फोन

मागच्या पावसाळ्यात आमच्या गाडीचं दार उघडलं-मिटलं की आतून डुचमळल्यासारखा आवाज यायचा. गॅरेजमध्ये नेली. कारागीर खाली बसला, दाराच्या तळाशी असलेल्या बारीक भोकात त्याने तार घातली, चिखलाचा एक गोळा खरवडून काढला आणि मागोमाग तांब्या-दोन तांबे पाणी भळाभळा बाहेर आलं. “पण काचा तर मी बंदच ठेवतो,” मी म्हणालो. “काच बंद असली तरी पाणी आत जाणारच, साहेब. दार आतून ओलंच असतं. शिरलेलं पाणी बाहेर पडलं की झालं.”

त्याच दाराच्या कप्प्यात मी रोज फोन ठेवत होतो. चार्जिंगची वायर गिअरजवळून ओढून मांडीवरून तिथपर्यंत आणायची, आणि दारातच एक यूएसबी द्यायला कंपन्यांच्या बापाचं काय जातं, अशी कुरकुर करायची, हा माझा नेम. कारागिराने दाराचं आतलं आवरण, म्हणजे गॅरेजवाले ज्याला ‘डोअर पॅड’ म्हणतात ते, काढून बाजूला ठेवलं आणि माझी कुरकुर बरीच खाली आली.

दाराला दोन पत्रे असतात. बाहेरचा रंगवलेला आणि आतला. मधल्या पोकळीत काच उतरते. काचेला खेटून वर रबरी पट्टी असते खरी, पण ती काच पुसते, पाणी पुरतं अडवत नाही; तेवढी घट्ट बसवली तर काच हलायचीच नाही. त्यामुळे दार बनवणाऱ्यांनी पाण्याशी भांडण केव्हाच सोडून दिलं आहे. येऊ द्यायचं, काचेवरून ओघळू द्यायचं, तळाच्या भोकांतून घालवायचं. आतल्या पत्र्याला मोठमोठी छिद्रं असतात, कारण यंत्रणा बसवायला हात आत जायला हवा. अनेक गाड्यांत या छिद्रांवर प्लॅस्टिकचा पडदा काळ्या चिकट गोंदाने लावलेला असतो. पडद्यापलीकडे ओला मुलूख, अलीकडे कोरडा. डोअर पॅड आणि त्यातला कप्पा कोरड्या मुलखात येतात, पण सीमेला अगदी लागून. दुरुस्तीनंतर पडदा नीट न चिकटवता घाईत पॅड बसवलं, तर पुढच्या पावसात पायाखालची चटई भिजते ती यामुळेच.

त्या पोकळीत गर्दीही भलतीच. काचेची मोटर, कुलूप, स्पीकर, बाजूने धडक बसली तर ती झेलायला आडवी पोलादी नळी. काही गाड्यांत तर हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. धडकेने बाहेरचा पत्रा चेपला की पोकळीतली हवा क्षणात दाबली जाते आणि एअरबॅगला निरोप पोचतो. म्हणजे आतल्या पत्र्याला मनाला येईल तिथे भगदाड पाडून कप्पा खोल करायचीही सोय नाही. या बाजूला आपली मांडी आणि सीट. उरलेल्या चिंचोळ्या जागेत बाटली, पावत्या, फडकं आणि आता फोन.

या जागेचा कल्पक उपयोग करणारे आहेत. स्कोडाने २००१ च्या सुपर्बमध्ये मागच्या दारात छत्रीसाठी खास नळीसारखा खण दिला, ओल्या छत्रीचं पाणी निथळून बाहेर जाईल अशा बेताने. रिव्हियनच्या आर वन टी या अमेरिकी पिकअपमध्ये चालकाच्या दारात एक विजेरी खोचलेली असते आणि ती तिथेच चार्ज होत राहते. म्हणजे दारात चार्जिंग करता येतं. फक्त त्या विजेरीचा आकार गाडी बनवणाऱ्याने स्वतः ठरवलेला आहे. फोनचा आकार ठरवतो भलताच कोणी.

आणि तो सतत बदलतो. २००७ चा पहिला आयफोन ११५ मिलिमीटर लांब, ६१ मिलिमीटर रुंद आणि १३५ ग्रॅम वजनाचा होता. २०२३ चा आयफोन १५ प्रो मॅक्स जवळपास १६० मिलिमीटर लांब, ७७ मिलिमीटर रुंद, २२१ ग्रॅम. वर कव्हर चढलं की आणखी फुगतो. डोअर पॅड मात्र पोलादी साच्यातून निघतं. पॉलिप्रोपिलीन नावाचं प्लॅस्टिक वितळवून साच्यात दाबून भरायचं आणि थंड करून काढायचं. साचा महाग, त्याची मापं गाडी बाजारात येण्याच्या बरीच आधी गोठवावी लागतात, आणि मग ते मॉडेल वर्षानुवर्षं विकलं जातं. फोनच्या बेतास बात मापाचा खण आज केला, तर गाडी जुनी व्हायच्या आत तो निरुपयोगी. जुन्या गाड्यांतले ते इवलेसे फोनचे खण पाहा. आता त्यांत टोलच्या पावत्याच मावतात. म्हणून शहाणा डिझायनर फोनच्या मापाचा खण करतच नाही. तो वरून उघडी, तिरकी फट ठेवतो आणि तिच्या भिंतींना मऊ रबराच्या पात्या लावतो. फोन जाडा असो की बारीक, पात्या वाकून त्याला धरून ठेवतात.

धरून ठेवणं इथे महत्त्वाचं, कारण गाडीच्या आतल्या सगळ्या कप्प्यांत आपटला जाणारा कप्पा हा एकच. जरा हिशेब करू. जोरात लावलेल्या दाराची कडा सेकंदाला सव्वा मीटर वेगाने येते आणि कुलूप व रबर मिळून तिला दीड सेंटिमीटरमध्ये थांबवतात असं धरा. वेगाचा वर्ग भागिले थांबायच्या अंतराची दुप्पट, म्हणजे सेकंदाला सेकंदामागे ५२ मीटर, गुरुत्वाकर्षणाच्या पाचपटीहून थोडं जास्त. तेवढ्या क्षणापुरता २२० ग्रॅमचा फोन किलोभराच्या वजनासारखा वागतो आणि दार थांबलं तरी तो सीटकडे जातच राहतो. दार उघडतानाची तऱ्हा वेगळी. तेव्हा दार बिजागरीभोवती फिरतं आणि फोन कप्प्यातून मोकळ्या कडेकडे, म्हणजे मागच्या टोकाला सरकतो. ते टोक उतरतं असेल तर फोन थेट रस्त्यावर. माझा एक गेला आहे तसा, आणि तोही गटाराच्या जाळीशेजारी.

बिजागरीपाशी मात्र हे सगळे धक्के सौम्य होतात, कारण वेग बिजागरीपासूनच्या अंतराच्या प्रमाणात असतो. अंतर निम्मं, वेग निम्मा. म्हणजे फोनची जागा शक्य तितकी पुढे हवी. वायरही तिथे आखूड लागते. पण नेमका तिथेच बऱ्याचदा स्पीकर बसलेला असतो आणि हात पोचायला वाकावं लागतं.

मग आवाजाचा प्रश्न. गाडीच्या कारखान्यांत ‘बीएसआर’ या आद्याक्षरांचा धाक असतो: बझ, स्क्वीक, रॅटल, म्हणजे गुणगुण, करकर, खडखड. कडक प्लॅस्टिकवर काचेच्या पाठीचा फोन म्हणजे खड्ड्याखड्ड्याला टाळ्या. यावर एक सुंदर उपाय आहे, फ्लॉकिंग. कप्प्याच्या आत गोंद लावतात आणि नायलॉनचे मिलिमीटरभर लांबीचे तंतू जोरकस विद्युतक्षेत्रातून त्यावर सोडतात. भारित तंतू क्षेत्राच्या दिशेने ताठ उभे राहून गोंदात रुततात आणि प्लॅस्टिकला मखमलीसारखी लव फुटते. काही गाड्यांच्या दारात हात घातल्यावर सराफाच्या डबीसारखं मऊ लागतं, ते हेच. बाकीचे रबरी चटईवर भागवतात. तीही वाईट नाही, आणि धुता येते.

आता वीज. गाडीची वीज साधारण १२ व्होल्टची; ती दारात पोचते ती बिजागरीजवळच्या रबरी भात्यातून. दार उघडून पाहा, घडी घातलेल्या नळीसारखा तो दिसेल. प्रत्येक उघडझापीला आतल्या तारा वाकतात, म्हणून त्या एकेरी जाड नसून पुष्कळ बारीक तांब्याच्या धाग्यांच्या असतात. पॉवर विंडो अचानक बंद पडली की जुना इलेक्ट्रिशियन आधी हा भाता उघडतो, कारण तार तुटायची ठरलेली जागा ती.

फोनला हवे असतात ५ किंवा ९ व्होल्ट. हे रूपांतर डॅशबोर्डमध्ये करून ५ व्होल्ट दारात पाठवले तर? अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार, जाऊन-येऊन ४ मीटर, तिचा रोध सुमारे ०.१४ ओहम. फोनने ३ अँपिअर ओढले की वाटेतच ०.४ व्होल्ट गळतात, म्हणजे ५ मधले ८ टक्के. तीच १५ वॅटची शक्ती १२ व्होल्टवर नेली तर प्रवाह सव्वा अँपिअर आणि तूट दीड टक्क्याच्या आसपास. वीज मंडळ उच्च दाबाने वीज नेतं, त्याचंच हे छोटं रूप. म्हणून रूपांतर करणारा सर्किटचा तुकडा सॉकेटच्या पाठीलाच चिकटवतात.

यूएसबी-सीची एक गोष्ट या ओलसर जागेला फार सोयीची आहे. जुन्या चपट्या यूएसबी सॉकेटमध्ये काही जोडलेलं नसलं तरी ५ व्होल्ट उभेच असतात. ओल्या छत्रीचं पाणी आत गेलं की विद्युत अपघटन सुरू आणि संपर्कपट्ट्या खराब. सी-प्रकारात मात्र समोरच्या उपकरणातला ठराविक रोध ओळखल्याशिवाय मुख्य वीज सुरूच होत नाही. रिकामं सॉकेट थंड असतं. तरीही त्याचं तोंड वर नको. आडवं किंवा किंचित खाली झुकलेलं हवं, नाहीतर त्यात पाण्याआधी भेळेची शेव जाते.

बिनतारी चार्जिंगची सोय दारात करावी असं वाटणं साहजिक आहे. टोयोटाने २०१३ च्या ॲव्हलॉनपासून गाडीत ‘ची’ (Qi) या मानक पद्धतीचं बिनतारी चार्जिंग आणलं, आता ते पुढच्या दोन सीटांमधल्या कन्सोलवर बऱ्याच गाड्यांत दिसतं. तत्त्व फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं: एका वेटोळ्यातला बदलता प्रवाह शेजारच्या वेटोळ्यात वीज उत्पन्न करतो. पण दोन्ही वेटोळी समोरासमोर आणि काही मिलिमीटरच्या अंतरात लागतात. आडव्या ताटलीत हे काम गुरुत्वाकर्षण फुकट करतं. दारातल्या उभ्या फटीत फोन तळाशी घसरतो, वेटोळं चुकतं आणि वीज उष्णतेत जाते. २०२३ मध्ये आलेल्या ‘ची २’ मानकात चुंबकांचं कडं आहे, ते फोनला जागेवर खेचून धरतं, त्यामुळे उभ्या जागेचा हा अडथळा बराच कमी होईल.

दुसरा अडथळा मात्र दाराच्या मुठीत बसला आहे. किल्ली खिशात ठेवूनच उघडणाऱ्या गाड्यांत बाहेरच्या मुठीत एक अँटेना असते. ती साधारण १२५ किलोहर्ट्झच्या क्षेत्राने किल्ली जवळ आहे का ते विचारते. ‘ची’चं मूळ चार्जिंग चालतं सुमारे ८७ ते २०५ किलोहर्ट्झमध्ये. म्हणजे एकाच गल्लीत दोन लाउडस्पीकर. कन्सोलवर चार्जर असलेल्या अनेक गाड्याही किल्लीचा शोध चालू असताना चार्जिंग क्षणभर थांबवतात. इथे तर दोघांत हातभराचंही अंतर नाही.

उष्णतेच्या बाबतीत दार डॅशबोर्डपेक्षा बरं. अमेरिकेतल्या ॲरिझोनात कडक उन्हाळ्यात केलेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत तासभर उन्हात उभ्या गाडीतली हवा सरासरी ४७ अंशांवर गेली, डॅशबोर्ड ६९ वर. ॲपल आयफोन ठेवण्यासाठीसुद्धा ४५ अंशांची मर्यादा सांगते, वापरण्यासाठी ३५. दाराच्या खालच्या कप्प्यात ऊन फारसं पोचत नाही, पण गाडीतली हवा तापली की सावलीलाही मर्यादा आहे. विदर्भातल्या मे महिन्यात फोन गाडीत सोडूच नये, कप्पा कुठलाही असो.

एवढं करून तो कप्पा चालकाला द्यावा का? माझं मत नाही असं आहे. खालच्या कप्प्यातल्या फोनकडे बघायला मान वळवावी आणि वाकवावी लागते. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत एका वेळी नजर रस्त्यावरून जास्तीत जास्त २ सेकंद हटावी असं म्हटलं. ताशी ६० च्या वेगाने तेवढ्यात गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. आपल्याकडे २०२० च्या नियमबदलानुसार चालकाला हातातलं उपकरण फक्त रस्ता शोधण्यापुरतं, तेही लक्ष विचलित न होता, वापरता येतं. त्या कामाला फोन समोर हवा, दारात नव्हे. शिवाय बाजूच्या धडकेत दार आणि आपला खुबा यांच्यात अंतर उरतं ते काही सेंटिमीटर. तिथलं पॅड चेपावं म्हणून मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं. त्यात काच आणि बॅटरीची कडक वडी उभी करून ठेवणं मला पटत नाही.

मागच्या दाराचं तसं नाही. तिथे बसणाऱ्याला फोन बघायला पूर्ण मुभा आहे, आणि मधल्या कन्सोलमागच्या एका यूएसबीवर तिघांची भांडणं ठरलेली. फोक्सवागनच्या आयडी बझ या व्हॅनमध्ये सरकत्या दारांतच यूएसबी-सी दिलेलं आहे, ते मला योग्य वाटतं. सरकत्या दारात वीज नेणंही गमतीचं. पूर्वीच्या काही व्हॅनमध्ये दार बंद झालं की स्प्रिंगच्या पिना चौकटीवरच्या पट्ट्यांना टेकायच्या आणि तेव्हाच वीज मिळायची. आता दुव्यांच्या साखळीत गुंडाळलेली वायर दारासोबत सरकते.

कारागिराने पडदा चिकटवला, पॅड जागेवर ठेवून तळव्याने थापटलं. दोन क्लिपा तुटल्या. “चालतंय तेवढं,” तो म्हणाला. पाण्याचा आवाज गेला. खड्ड्यातून गेलं की आता ते दार कप्पा रिकामा असतानाही खडखडतं.