भोक बुजले, पण ऐकू किती येते?

कानाच्या पडद्याच्या ऑपरेशनला 'नव्वद टक्के यश' मिळते, असे डॉक्टर सांगतात तेव्हा पेशंटला वाटते की दहातल्या नऊ जणांना पूर्वीसारखे ऐकू येऊ लागते. पण तो आकडा बहुधा भोक बुजण्याचा असतो. ऐकण्याचा हिशेब वेगळा, आणि तो विचारल्याशिवाय फारसे कोणी मांडत नाही.

पडदा जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचा. त्याचे काम आवाज अडवून आत ढकलण्याचे. आतल्या कानाच्या इवल्याशा खिडकीपेक्षा त्याचे कंप पावणारे क्षेत्रफळ सुमारे १७ पट मोठे, त्यात तीन हाडांच्या साखळीची तरफ. त्यामुळे खिडकीवरचा दाब वीसेक पटींनी वाढतो. पडद्याला भोक पडले की ही वाढ घटते. छोट्या भोकाने फारसा फरक जाणवत नाही, मोठ्याने ३० ते ४० डेसिबलपर्यंत ऐकणे कमी होऊ शकते. कान वर्षानुवर्षे फुटत राहिला तर ऐरण नावाचे मधले हाड झिजते आणि साखळीच तुटते. मग नुसता पडदा बसवून भागत नाही, हाडही जोडावे लागते, आणि तिथे निकाल तितके खात्रीचे नसतात.

थपडेने किंवा काडी लागून फाटलेला पडदा बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप भरतो. ऑपरेशन लागते ते न भरणाऱ्या भोकांना. कानाच्या वरच्या बाजूच्या स्नायूवरचे पातळ आवरण काढून ते भोकाखाली बसवतात. या आवरणाची भूक फार कमी, म्हणून कडांकडून रक्तपुरवठा येईपर्यंत ते तग धरते आणि त्याच्या आधाराने नवी त्वचा सरकत येते. अनुभवी हातांत साधारण ८५ ते ९५ टक्के भोके अशी बुजतात. भोक मोठे किंवा पुढच्या बाजूला असेल, दुसरा कानही वाहत असेल, पेशंट लहान मूल असेल किंवा सिगारेट ओढणारा असेल, तर आकडा खाली येतो.

अवघड कानांत काही सर्जन आवरणाऐवजी कानाचीच कूर्चा वापरतात. घुमट या वाद्याला जाड चामडे लावले तर नाद बसेल, हे आपल्याकडे गोव्यात कोणालाही कळते; तशीच भीती इथेही होती. प्रत्यक्षात कूर्चा पातळ तासली की ऐकण्यात फारसा फरक दिसत नाही, आणि ती टिकते मात्र जास्त.

गोव्याचा पावसाळा या सगळ्याच्या आड येतो. दमट हवेत कानात काळी बुरशी धरते, त्यात कोमट खोबरेल सोडायची घरोघरची सवय. भोक असलेल्या कानात तेल घालूच नये, माझ्या मते धडधाकट कानातही त्याची गरज नाही. एप्रिल-मेमध्ये ऑपरेशन झालेल्याने त्या वर्षीच्या सांजावाच्या सणाला, २४ जूनला, विहिरीत उडी मारायचा विचार सोडलेला बरा. काठावर उभे राहून फेणी घेता येते, तीही डॉक्टरांना विचारून. जोराने नाक शिंकरणे आणि विमानप्रवासही डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद.

ऑपरेशनआधीच्या ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीच्या आलेखावर, दोन रेषा असतात: एक हवेतून येणाऱ्या आवाजाची, दुसरी कवटीच्या हाडातून जाणाऱ्या आवाजाची. दोहोंतले अंतर हीच ऑपरेशनने भरून निघू शकणारी तूट. हाडाची रेषाच घसरली असेल, तर दोष आतल्या कानात आहे आणि पडदा कितीही छान बसला तरी ती वर येणार नाही. म्हणून बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेजात, जा की खासगीत, आपले अंतर किती आणि त्यातले किती भरण्याची आशा आहे, हे आधीच विचारावे. दोनतीन महिन्यांनी पुन्हा चाचणी करून तोच आकडा ताडून पाहावा.

आतला कान दुबळा असलेल्यांनाही ऑपरेशनचा फायदा होतो, फक्त वेगळा. वाहत्या कानात श्रवणयंत्र नीट घालता येत नाही, कोरड्या कानात येते.