व्हाइट टायगर (बेली तिग्र)

दुसऱ्या महायुद्धातील पूर्व आघाडीवर घडणारा, युद्धपट आणि अद्भुतकथा यांची सांगड घालणारा रशियन चित्रपट. दिग्दर्शक कारेन शाखनाझारोव, निर्मिती मोसफिल्म, लांबी १०४ मिनिटे. रशियातील विजयदिनाच्या (९ मे) तोंडावर, ३ मे २०१२ रोजी तो प्रदर्शित झाला. इल्या बोयाशोव यांच्या २००८ सालच्या कादंबरीवरून शाखनाझारोव आणि अलेक्सांद्र बोरोद्यान्स्की यांनी पटकथा लिहिली. परभाषिक चित्रपटाच्या ऑस्करसाठी रशियाने त्या वर्षी हाच चित्रपट पाठवला. नामांकन मात्र मिळाले नाही.

लढाईनंतर जळालेल्या सोव्हिएत रणगाड्यात एक चालक जिवंत सापडतो. शरीर सुमारे नव्वद टक्के भाजलेले, डॉक्टरांनी आशा सोडलेली. तरी तो काही आठवड्यांत खडखडीत बरा होतो. स्वतःचे नावगाव त्याला आठवत नाही, म्हणून ‘सापडलेला’ या अर्थाचे नाइद्योनोव हे आडनाव त्याला दिले जाते (भूमिका : अलेक्सेई वेर्तकोव). रणगाडे आपल्याशी बोलतात, असे तो शांतपणे सांगतो आणि रणगाड्यांच्या देवाची प्रार्थना करतो. त्याला जाळणारा पांढरा जर्मन ‘टायगर’ रणगाडा धुक्यातून येतो, एकटा अख्खी तुकडी फस्त करतो आणि दलदलीत नाहीसा होतो. त्याच्या पाठलागासाठी जादा चिलखत आणि अधिक ताकदीचे इंजिन बसवलेला टी-३४-८५ हा सोव्हिएत रणगाडा नाइद्योनोवला मिळतो. कामगिरीची सूत्रे मेजर फेदोतोव (विताली किशेंको) या गुप्तवार्ता अधिकाऱ्याकडे असतात.

खऱ्या टायगरची दहशतही थोडीथोडकी नव्हती. ५७ टन वजन, समोर १०० मिमी चिलखत आणि ८८ मिमीची तोफ. ७६ मिमी तोफेचा जुना सोव्हिएत टी-३४ समोरून त्याचे काही बिघडवू शकत नसे. बगलेवर गोळा मारायचा तर बरेच जवळ जावे लागे आणि तोवर उघड्या मैदानात तग धरणे कठीण. प्रत्यक्षात टायगर बनले जेमतेम १,३५० च्या आसपास. पण लांबून चौकोनी बुरुजाचा कोणताही जर्मन रणगाडा दिसला की ‘टायगर’ अशी आरोळी उठे. बाजूला पत्रे लावलेला पँझर-४ तर हमखास टायगर ठरे. चित्रपटातला पांढरा वाघ याच भीतीवर पोसला आहे.

तपशिलात मात्र चित्रपट मुद्दाम सूट घेतो. पांढरा रंग हिवाळ्यातल्या बर्फात लपण्यासाठी फासत. हिरव्या रानात तो लपवत नाही, उठून दिसतो. दलदलीची गोष्ट तर सरळ उलटी. खऱ्या टायगरची चाके एकमेकांत गुंतवून बसवलेली असत. त्यांच्या फटींत चिखल भरे, रात्री तो गोठला की चाके जाम होत, आणि मऊ जमिनीत गाडा रुतला तर बाहेर ओढायला एकापेक्षा जास्त अवजड वाहने लागत. म्हणजे जिथे खरा टायगर हमखास फसेल तिथूनच हा निसटतो; फेदोतोवला संशय येतो तो यामुळेच. चित्रीकरणात अस्सल टायगर नाही, प्रतिकृती वापरली आहे. ती ओळखायची तर चाकांकडे पाहावे : गुंतवलेली रचना तिथे नाही. टी-३४-८५ चे उत्पादन १९४४ च्या सुरुवातीस सुरू झाले, त्यामुळे कथेचा काळ १९४३ धरल्यास तोही जुळत नाही.

चित्रपटाचा कळस म्हणजे उजाड गावातली झुंज. संगणकाच्या करामतींपेक्षा पोलादाचे वजन, पट्ट्यांचा खडखडाट, संथ फिरणारा बुरूज आणि आतल्या माणसांचे घामेजलेले चेहरे यांवर तिची भिस्त आहे. नाइद्योनोव शत्रूचा बुरूज जायबंदी करतो, पण ऐन वेळी स्वतःची तोफ निकामी होते आणि टायगर माघारी सरकत निघून जातो. पार्श्वभूमीला जर्मन संगीतकार वाग्नरच्या ‘टानहॉयझर’ या संगीतिकेतील सूर आहेत, जर्मन संगीताची ही निवड अर्थातच योगायोगाची नाही.

यानंतर कथा एकदम बर्लिनला पोहोचते. तिथल्या कार्ल्सहोर्स्ट भागातील जर्मनीची शरणागती अहवालाच्या कोरडेपणाने दाखवली आहे : सही करून उठलेला जर्मन फील्डमार्शल कायटेल, मग जेवणाच्या टेबलावर स्ट्रॉबेरी खाणारे पराभूत सेनानी. पांढरा टायगर जळाल्याशिवाय युद्ध संपले असे नाइद्योनोव मानत नाही. टायगर वीस, पन्नास, कदाचित शंभर वर्षे दडून जखमा भरून काढील, असे तो फेदोतोवला सांगतो. अखेरीस शेकोटीजवळ बसलेला हिटलर अंधारातल्या अनोळखी श्रोत्यापुढे युद्धाचे समर्थन करतो. हा श्रोता कोण, हे चित्रपट सांगत नाही. थरारासाठी आलेल्या प्रेक्षकाला हा भाग जोडल्यासारखा वाटतो, आणि ती तक्रार अगदीच चुकीची नाही : हिटलरचे भाषण लांबते, आणि नाइद्योनोवने दोन वाक्यांत सांगितलेलेच तिथे पुन्हा ऐकावे लागते.