दुर्धर आजारातील किशोरप्रेम

बरे होण्याची आशा मावळलेल्या १३ ते १९ वयाच्या मुलामुलींचे प्रेम बहुधा रुग्णालयातच जुळते. सांगली जिल्ह्यात ते ठिकाण म्हणजे मिरज. जत, आटपाडीकडून कर्करोगावरच्या केमोला येणारी मुले ठरल्या तारखांना तेच तेच चेहरे बघतात. शाळा सुटलेली, केस गेलेले. इथे त्याचा खुलासा कुणी मागत नाही.

भेटीचा दिवस रक्तातल्या पेशी ठरवतात. बऱ्याच केमोंनंतर ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात, तिसऱ्या आठवड्यात सावरतात. पुढच्या केमोआधीचे तीन-चार दिवस त्यातल्या त्यात बरे. न्यूट्रोफिल, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये ५०० च्या खाली असतील तर फोनवरच बोलावे. ताप १००.४ अंश फॅरनहाइटला पोचला की लगेच रुग्णालय गाठावे. बिनसते ते इथेच. भेट हुकेल या धास्तीने मुले क्रोसिन घेऊन ताप दडवतात आणि संसर्ग रक्तात भिनतो. म्हणून ‘ताप सांगितलास तर भेट पुढे जाईल, मोडणार नाही’ असा शब्द आधीच द्यावा, आणि पाळावा. खाऊत गाड्यावरचा उसाचा रस नको. तासगावची द्राक्षे वाहत्या पाण्यात नीट धुऊनच. तोंड आलेले असेल तर भडंगाला हात लावू नये.

तीव्र वेदनांवर तोंडावाटे साधे मॉर्फिन दर ४ तासांनी देतात. पहिले दोन-तीन दिवस गुंगी असते; हे न सांगता भेट घडवली तर समोरच्याला वाटते, आपल्याला ओळखलेच नाही. सोबत पोट साफ होण्याचे औषध हवेच, नाहीतर कुंथून बेजार झालेले मूल मॉर्फिनच नाकारते.

सगळ्यात अवघड गोष्ट औषधाची नाहीच. एका घरी खरे सांगितलेले असते, दुसऱ्या घरी ‘साधी गाठ आहे’ एवढेच. मग ज्याला ठाऊक आहे त्याला रोज खोटे बोलावे लागते. दोन्हीकडच्या आईवडिलांना डॉक्टरांनी किंवा समुपदेशकाने आधी एकत्र बसवावे. ‘एवढ्याशा पोरांना काय कळतंय’ हा समज चुकीचा आहे. या वयात मरण कायमचे असते हे पुरते कळते.

मागे राहिलेल्याच्या दुःखाला नात्यात जागा नसते. दहाव्याला बोलावणे येत नाही, बातमी व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवरून कळते. अशा मान्यता नसलेल्या शोकाची मांडणी शोकाचे अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये केली. फोन कोण करणार हे दोन्ही घरांनी आधीच ठरवून ठेवावे; टोपी, वही अशी एखादी वस्तू मागितली तर द्यावी. त्यानंतरची केमोची तारीख मूल बऱ्याचदा चुकवते. त्या दिवशी सोबत कुणीतरी जावे आणि नर्सला सांगून ओळखीच्या खाटेपासून लांबची खाट मागून घ्यावी.